चाकरीचा मान

१८९० नंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत नगरपालिकेच्या शाळेच्या पडवीत काही मुले बसू लागली. वर्ग आत भरायचा, ही मुले बाहेर. मास्तरांचा आवाज जेवढा कानावर पडेल तेवढे शिक्षण. ही महारांची मुले होती, आणि पडवीत बसण्याची ही जागासुद्धा त्यांच्या वडीलधाऱ्यांना अर्ज करून, भांडून मिळवावी लागली होती. अर्ज करणारी माणसे कोण? पलटणीत उमर घालवून पेन्शनीवर आलेले शिपाई आणि अंमलदार. ज्या सरकारसाठी त्यांनी रक्त आटवले, त्याच सरकारच्या राज्यात त्यांच्या मुलांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती.

कोकणी घरात खळे, पडवी, ओटी, माजघर अशी चढण असते. कोण कुठवर येणार हे सांगावे लागत नसे, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. ‘आपली पायरी ओळखून राहावे’ हा वाक्प्रचार अशाच घरांतून कानावर पडत आला. दापोलीच्या पेन्शनरांनी ही पायरी ओळखायचे नाकारले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: आम्ही चाकरी केली, मग आम्ही लायक कसे नाही?

हा प्रश्न नीट समजायचा तर एका इंग्रजी क्रियापदाकडे वळावे लागते. ‘डिझर्व्ह’ हे ते क्रियापद. आज आपणही ते सर्रास वापरतो. अमका बढती ‘डिझर्व्ह’ करतो, तमका शिक्षा ‘डिझर्व्ह’ करतो. मराठीत यासाठी एकच क्रियापद सापडत नाही. आपण ‘लायक असणे’, ‘पात्र असणे’, ‘योग्य असणे’ असे म्हणतो. म्हणजे मराठीत लायकी ही माणसाची अवस्था आहे. माणूस ती असतो किंवा नसतो.

‘डिझर्व्ह’च्या पोटात मात्र एक कृती दडली आहे, ‘सर्व्ह’ म्हणजे सेवा करणे. लॅटिन भाषेत ‘देसेर्विरे’ म्हणजे मनोभावे, झटून सेवा करणे. हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये उतरला तेव्हा त्याचा अर्थ एक पाऊल पुढे गेला: चांगली सेवा केल्यामुळे एखाद्या गोष्टीवर हक्क मिळणे. साधारण १३०० सालच्या सुमारास तो इंग्रजीत आला आणि हळूहळू त्यातली सेवा विसरली गेली, हक्क तेवढा उरला. ‘मेरिट’ची कुळकथाही फार वेगळी नाही. ते आले लॅटिन ‘मेरेरे’वरून, म्हणजे कमावणे. रोमन शिपाई पगारावर फौजेत राही त्यालाही हेच क्रियापद लावत. निवृत्त प्राध्यापकाच्या नावापुढे आज सन्मानाने लागणारे ‘एमेरिटस’ हे बिरुद मुळात चाकरी पुरी करून सुटलेल्या रोमन सैनिकाचे. लायकीचे हे दोन्ही शब्द चाकरीच्या वाटेवरचे आहेत.

मराठी शब्दांच्या वाटा वेगळ्या. ‘लायक’ अरबीतून फारसीमार्गे आला, अर्थ जुळणारा, साजेसा. ‘पात्र’ म्हणजे भांडे. दान कुणाला द्यावे, सत्पात्री की अपात्री, या विचारातून हा शब्द माणसाला लागला. ‘अधिकार’ हा धर्मशास्त्राचा शब्द. कुठले कर्म कुणी करावे, वेद कुणी ऐकावा, याची मोजणी त्याने होत असे, आणि त्या मोजणीत जन्म हेच मोठे माप होते. एक विलक्षण योगायोग असा, की ज्या दशकात दापोलीत पडवीचे भांडण चालू होते, त्याच दशकात त्याच गावच्या मिशनच्या हायस्कुलात पांडुरंग वामन काणे नावाचा मुलगा शिकत होता. पुढे याच काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या दुसऱ्या खंडात अस्पृश्यतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. गाव एकच, काळ एकच. एक मुलगा आत बाकावर, काही मुले बाहेर पडवीत.

या मुलांच्या बापांकडे ग्रंथ नव्हते. त्यांच्याकडे होता चाकरीचा दाखला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेची भरती सुरुवातीपासून कोकणावर बरीच अवलंबून होती. जमीन खोताची, शेती पावसाची आणि पोटाला पुरेल एवढे भात नाही, अशा मुलखातले तरुण समुद्राच्या किंवा पलटणीच्या वाटेला लागत. बंगालच्या फौजेत उच्च जातींचा भरणा होता. मुंबईच्या फौजेत मराठे, मुसलमान, महार, बेने इस्रायली एकाच कंपनीत उभे राहत. दापोली ही कंपनी सरकारची दक्षिण कोकणातली छावणी. म्हणूनच गावाच्या नावामागे ‘कॅम्प’ चिकटला. पलटणी पुढे हलल्या, पण थंड हवेच्या त्या माळावर पेन्शनर येऊन राहत गेले. एका छोट्या गावात सुभेदार, जमादार, हवालदार अशी जग पाहिलेली माणसे गोळा झाली. त्यांतले पुष्कळजण लिहा-वाचायला शिकलेले होते, कारण पलटणीत शाळा असे आणि तिथे शिपायांच्या मुलांनाही शिकवले जाई. गावाने नाकारलेली अक्षरे त्यांना छावणीने दिली होती.

त्यांच्यामागे नावे होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्मृतिस्तंभावर कामी आलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यांतली बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महारांच्या नावांचा. गावच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाचे नाव दगडात कोरले जाणे हीच त्या काळात केवढी गोष्ट. पुढे दुसऱ्या अफगाण युद्धात १६ एप्रिल १८८० रोजी डब्राईच्या चौकीवर मेजर वॉडबी यांच्याबरोबर मरेपर्यंत लढलेल्या मूठभर शिपायांत सोननाक तननाक हा महार शिपाई होता. पेन्शनरांच्या बैठकीत ही नावे निघत असतील तेव्हा त्यात बढाईपेक्षा हिशेब अधिक असणार. इतके दिले आहे, आता इतके येणे आहे.

आणि नेमका तेव्हाच सरकारने तो हिशेब फाडून टाकला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी त्यांच्या काळात पक्की झाली. गुरखा, शीख, पठाण हे लढाऊ. मुंबई आणि मद्रासकडचे शिपाई कमअस्सल. १८९२ पासून जातवार पलटणींची रचना सुरू झाली आणि महारांची भरती बंद पडली. लायकी ठरवण्याचे माप एका फटक्यात बदलले. काल चाकरी पाहत होते, आज रक्त पाहू लागले. मनूचे माप साहेबाने इंग्रजी पोशाखात पुन्हा आणले.

दापोलीवर हा घाव खोल बसला. पलटण बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, शाळा बंद. बाप सुभेदार झाला तरी मुलाला पुन्हा गावकीच्या कामाला, वेसकराच्या काठीकडे परतावे लागणार.

या पेन्शनरांना एक नेता मिळाला, गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली फौजेतून निवृत्त होऊन ते दापोलीत राहू लागले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. ‘विटाळ विध्वंसन’ या त्यांच्या पुस्तिकेत त्यांनी धर्माचार्यांपुढे सव्वीस प्रश्न ठेवले. विटाळ आला कुठून, कुणी सांगितला, कशावरून सांगितला, याची उत्तरे त्यांनी मागितली. १८९० च्या सुमारास त्यांनी दापोलीत ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. या नावावर क्षणभर थांबावे. परिहार करायचा तो दोषाचा. म्हणजे आमच्यावर डाग लावलेला आहे आणि तो पुसायला आम्ही उभे आहोत.

१८९४ साली वलंगकरांनी मुंबई फौजेच्या प्रमुखांना उद्देशून भरतीसाठी अर्ज तयार केला. तो वाचताना त्यातली ओढाताण जाणवते. एक दाखला कुळाचा होता. आम्ही मूळचे क्षत्रिय, १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी जे खावे लागले त्यामुळे आम्हाला खाली ढकलले गेले, असे त्यांनी मांडले. दुसरा दाखला चाकरीचा. आमच्या बापजाद्यांनी या सरकारची निशाणे राखली. पहिला दाखला सरकारने ठरवलेल्या नव्या मापात स्वतःला बसवण्यासाठी होता, कारण साहेब कूळ विचारत होता. दुसरा त्यांच्या जगण्यातला होता. सेवा केली म्हणून येणे आहे हा ‘डिझर्व्ह’चा जुना, विसरलेला अर्थ या माणसांनी कुठल्या शब्दकोशात पाहिला नव्हता. तो त्यांनी चालून, लढून, जखमा झेलून जाणला होता.

कोकणात आजही मुंबईला नोकरी करणाऱ्या माणसाला चाकरमानी म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यात चाकरीच्या पाठोपाठ मान ऐकू येतो. चाकरी केली की मान यावा, ही या मातीतल्या माणसाची साधी अपेक्षा. दापोलीच्या पेन्शनरांचा अर्ज म्हणजे या अपेक्षेचा अर्ज.

तो मान मिळाला का? १८९५ साली वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. त्यांच्यासारखा माणूस शेजारी बसणार म्हणून इतर सभासदांत खळबळ उडाली. १९०० साली वलंगकर गेले. भरती उघडली नव्हती.

अर्ज थांबले नाहीत. पुण्याकडच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला सभा घेऊन दीड हजारांहून अधिक महारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला, आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दुसरा. मागणी तीच: फौज आणि पोलीस आमच्यासाठी उघडा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली गेली. सेवेवर आधारलेल्या लायकीची ही पहिली मर्यादा. चाकरीची गरज सरली की चाकराची लायकीही सरते.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे आणि ती शब्दाच्या मुळाशीच बसली आहे. लॅटिन ‘सेर्विरे’ हे क्रियापद ‘सेर्वुस’ या नामावरून आले, आणि ‘सेर्वुस’ म्हणजे गुलाम. सेवेने हक्क मिळतो असे म्हणताना हक्क देणारा धनी वर राहतोच. महारकी वतन हे याचे घरातले उदाहरण. गावची सांगेल ती सेवा, दिवस पाहायचा नाही, रात्र पाहायची नाही. त्याबदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते. कागदावर तो हक्क होता, जुन्या मराठीत ‘हक्क’ शब्द अशाच वतनी प्राप्तीसाठी वापरत. प्रत्यक्षात तो पायातला साखळदंड होता. जमिनीच्या तुकड्याने पिढ्यान्‌पिढ्या माणूस गावच्या चाकरीला बांधून ठेवला.

हे ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिले तो दापोलीच्याच पेन्शनरांच्या घरातला मुलगा. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचे मूळ गाव मंडणगडजवळचे आंबडवे. आपले घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले, आणि कंपनी सरकारच्या आरंभापासून पूर्वज परंपरागत काम सोडून फौजेत गेले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडील रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर कायमचे राहण्याच्या विचाराने ते कुटुंबासह दापोलीला आले, पण तिथे स्थिरावले नाहीत. बिऱ्हाड साताऱ्याला हलले. साताऱ्याच्या शाळेत सुभेदाराचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे आणि तहान लागली की शिपायाने पाणी ओतण्याची वाट पाहत असे. दापोलीची पडवी साताऱ्याला गोणपाट झाली, एवढाच फरक.

पुढे या मुलाने लायकीची प्रत्येक परीक्षा दिली. १९०७ साली मॅट्रिक, १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. शिष्यवृत्तीचा करार असा, की शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची सेवा करायची. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. तेव्हा विद्या होती, सेवेची तयारी होती, महाराजांचे पाठबळही होते. राहायला मात्र खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. ‘मेरिट’ आणि ‘डिझर्व्ह’ हे दोन्ही शब्द ज्याच्यापाशी पुरेपूर होते, त्याला रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. लायकी सिद्ध केली की दार उघडते, यावर त्यानंतर त्यांनी का विसंबावे?

१९२८ साली आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सेवेची हद्द ठरवा, मोबदला ठरवा, आणि ज्याला वतन नको त्याला मोकळे होऊ द्या, हा त्याचा गाभा. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, त्यांच्या पश्चात.

विधेयकाच्या एक वर्ष आधी महाड घडले होते, ज्या तालुक्याच्या बोर्डावर वलंगकरांचे बसणे खुपले होते तेच महाड. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता, महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुलेही केले होते. पण तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा-रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतून आलेले हजारो लोक आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या जमावात पेन्शनर सैनिकही होते.

दापोलीच्या अर्जापासून महाडच्या ओंजळीपर्यंत तेहतीस वर्षे जातात, आणि तेवढ्यात बोलण्याची रीत पालटते. १८९४ चा अर्ज म्हणतो, आम्ही सेवा केली म्हणून आम्हाला द्या. १९२७ ची ओंजळ काहीच मागत नाही, कसलाही दाखला पुढे करत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी या कार्याची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली, ती याच कारणाने. माणूस जन्मतः समान आहे, एवढा एकच दाखला तिथेही होता. तळ्याच्या वादाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ साली सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या होमरूल चळवळीत स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. हिंदी लोक अजून राज्य करायला लायक नाहीत, हे इंग्रजांचे पालुपद होते. टिळकांनी लायकी सिद्ध करत बसायचे नाकारून वतनी ‘हक्का’ला ‘जन्मसिद्ध’ हे विशेषण जोडले. देशासाठी जे खरे, ते देशातल्या माणसासाठीही खरे असले पाहिजे. महाडने तो शब्द त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेला.

दापोलीच्या पेन्शनरांचे म्हणणे मात्र वाया गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी आंबेडकर संरक्षण सल्लागार मंडळाचे सदस्य होते आणि भरतीसाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला होता. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे, आणि तिने देशाला दोन लष्करप्रमुख दिले, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी. वलंगकरांचा अर्ज जवळजवळ अर्ध्या शतकाने मंजूर झाला असे म्हणायला हरकत नाही.

आज ‘मेरिट’ हा शब्द आपल्याकडे आरक्षणाच्या वादात दगडासारखा फेकला जातो, आणि ‘तुझी लायकी काय?’ हा प्रश्न शिवीसारखा. ज्यांनी या शब्दांची किंमत भरली त्यांची आठवण ठेवली तर हात थोडा थांबेल. १८९२ साली ज्यांना फौजेने अपात्र ठरवले ते त्याआधीच्या पाऊणशे वर्षांत कधी अपात्र नव्हते. पात्रता त्यांच्यात होतीच, माप दुसऱ्याच्या हातात होते. म्हणून कुणी लायकीची भाषा काढली, की आधी विचारावे: माप कुणाचे, आणि शाळेच्या पडवीत कोणाला बसवून हे माप तयार झाले?

काम चांगले केले तर त्याचे फळ मिळावे, बढती मिळावी, शाबासकी मिळावी. तिथे ‘डिझर्व्ह’ शब्दाला त्याची जागा आहे. पण पाणी, शाळा, मत आणि माणूस म्हणून मान या गोष्टी कुठल्याही सेवेच्या मोबदल्यात मिळायच्या नसतात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तीनशे सव्विसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. त्या मतासाठी शिक्षण विचारलेले नाही, मालमत्ता विचारलेली नाही, कूळ नाही, चाकरीसुद्धा नाही. ते संविधान लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष दापोलीच्या एका पेन्शनर सुभेदाराचे चिरंजीव होते.